खिळ्यावरचा बिल्ला

मी व्याजानं पैसे देत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. त्या काळी सोलापुरात गिरणीच्या दारात व्याजानं देणाऱ्यांची वाण नव्हती. पगाराच्या दिवशी ते फाटकाबाहेर उभे राहत, काहींच्या हातात काठी असे, आणि त्यांना चुकवायला गडीमाणसं मागच्या भिंतीवरून उड्या टाकत. माझ्या हातात कधी काठी नव्हती. मी बाईमाणूस, विधवा, आणि गिरणीच्या आतली. फाटकाबाहेरच्याला काठी लागते, आतल्याला तिची गरज पडत नाही.

मी कांडी खात्याची नायकीण होते. बायका सुताच्या कांड्या भरतात ते कांडी खातं, आणि त्या बायकांवर देखरेख करणारी ती नायकीण. कुणाला चांगलं सूत द्यायचं, कुणाला तुटकं, कुणाचा खाडा मांडायचा आणि कुणाच्या उशिराकडं काणाडोळा करायचा, हे सगळं माझ्या हातात होतं. मजुरी भरलेल्या कांड्यांवर मिळे. सूत सारखं तुटत राहिलं तर बाईचा दिवस गाठी मारण्यात जाई आणि महिन्याला दोन-तीन रुपयांची खोट बसे. त्यामुळं माझं व्याज सहसा कुणी चुकवत नसे. मी कुणाला धमकी दिल्याचं मला आठवत नाही. तशी वेळच आली नाही, आणि तेवढ्यावरून मी स्वतःला भली समजत होते.

माझा दर रुपयाला महिना दोन आणे. फाटकावरचे चार आणे घेत. दगडापेक्षा वीट मऊ, असं बायकाच म्हणायच्या आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या दिवसांना मी फाटकावरच्या एकाकडून पंधरा रुपये घेतले होते. ते फेडता फेडता माझ्या अंगावरचा मणी न् मणी गेला. असं भोगलेल्या माणसानं तरी दुसऱ्याला त्यात लोटू नये, असं कीर्तनात सांगतात. माझं उलटं झालं. मी सोसलं, मग हिला काय धाड भरली आहे, असं मला वाटायचं.

आता बिल्ल्याचं सांगते. गिरणीत प्रत्येकाला पितळेचा एक गोल बिल्ला मिळे, त्यावर आकडा कोरलेला असे. पगाराच्या खिडकीवर तो दाखवला की कारकून वही बघून पैसे मोजी. बिल्ला नाही तर पगार नाही. म्हणून पैसे देताना मी बिल्ला तारण घ्यायची. पगाराच्या दिवशी खिडकीशेजारी उभी राहून जिचा तिला द्यायची, ती पगार घेऊन व्याज माझ्या हातावर ठेवायची आणि बिल्ला परत करायची. मुद्दल फिटेपर्यंत हे असंच चालायचं. बहुतेकींचं मुद्दल फिटतच नसे. ते फिटावं अशी माझीही काही घाई नव्हती.

शुक्रवार पेठेत माझ्या दोन खोल्या होत्या. देव्हाऱ्याशेजारी भिंतीत एक जाड खिळा ठोकला होता आणि त्याला सुतळीत ओवलेले बिल्ले टांगलेले असत. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. दर शुक्रवारी ती लक्ष्मीला हळदकुंकू वाहायची आणि बिल्ल्यांनाही एकेक बोट लावायची. मीच तिला तसं शिकवलं होतं. घरात पैसा आणणारी वस्तू ती लक्ष्मी, इतकं साधं माझं गणित होतं. आणि दिवेलागण झाली की लक्ष्मी घराबाहेर द्यायची नाही, हा आमच्याकडचा नेम. मीठ नाही, विरजण नाही, सुई नाही, पैसा तर नाहीच नाही. दिवेलागणीला कुणी आणून दिलं तर मात्र घ्यायचं, आलेल्या लक्ष्मीला परतवायचं नसतं. या नेमात देणं एका बाजूला बंद आणि घेणं दुसऱ्या बाजूला उघडं आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे, ती पोर आमच्या खात्यात आली ती दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातून. मेंढरं राखणारी माणसं. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. उरलेली मेंढरं घेऊन नवरा चाऱ्याच्या मागं कुठं तरी लांब गेला होता, आणि ही म्हातारी सासू आणि तान्हा मुलगा घेऊन शहरात आली होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिला सूत कळत होतं, कारण लहानपणापासून लोकर कातलेली. तिची गाठ इतकी बारीक पडे की बोटाखाली लागत नसे. मी नव्या बायकांना तिच्या शेजारी उभं करायची आणि म्हणायची, बघा, याला गाठ म्हणतात. ती लाजायची आणि मान खाली घालून हात चालवत राहायची. ती मला आवडत होती, हे लिहायला मला आजही जड जातं.

तिनं आल्या महिन्यातच माझ्याकडून पाच रुपये घेतले. खोलीचं भाडं आगाऊ भरायचं होतं आणि दोन भांडी घ्यायची होती. व्याज महिन्याला दहा आणे. चौदा महिने तिनं एकदाही चुकवलं नाही. चौदा महिन्यांचे पावणेनऊ रुपये झाले, म्हणजे घेतलेल्या पैशांच्या दीडपटीहून जास्त तिनं मला दिले होते, आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढं पाच रुपये तसेच्या तसे होते. एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, ह्ये कवा फिटंल?" मी म्हणाले, "पाच एकदम आणून दे, आजच फिटेल." ती हसली. पाच रुपये एकदम असते तर ती माझ्याकडं आलीच कशाला असती?

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी ती कामावर आली नव्हती आणि मी तिचा खाडा मांडला होता. संध्याकाळी मी घरी आले, चूल पेटवली आणि भाकरी टाकायला बसले. मुलीनं देवापुढं दिवा लावलेला होता. शेजारच्या घरात नवी नवरी आली होती, ती बघायला जायची मुलीला घाई होती. एवढ्यात दारात ती दक्षिणेकडची पोर येऊन उभी राहिली. धावत आली असावी, कारण तिला दम लागला होता. पोर तिच्यापाशी नव्हतं.

"बाई, तेवढा बिल्ला द्या की. पोराला डबा झालाय. छाती लई उडतिया."

लहान पोराची छाती भरते, श्वासाला पोट खपाटीला जातं, त्याला आमच्याकडं डबा म्हणतात. मी म्हणाले, "मग बिल्ला कशाला?"

"गिरणीच्या दवाखान्यात बिल्ल्याबिगर घेत न्हाईत. डागदर अजून घटकाभर बसतोय तितं. मी पोराला घिऊन जाती, दावती आन् लगी तुमचा तुमाला आणून देती."

हे मला ठाऊक होतं. गिरणीचा दवाखाना संध्याकाळचा भोंगा झाल्यावर तासभर उघडा असे. गावातली माणसं गिरणीची म्हणून घुसतात, असं झाल्यापासून कंपाउंडर दारातच बिल्ला बघायचा. बिल्ला पगाराला लागतो हे मी कधी विसरले नाही. तो दवाखान्यातही लागतो, हे तारण घेताना इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी खिळ्याकडं पाहिलं. खाली दिवा तेवत होता. मी म्हणाले, "दिवा लागला गं. आता घरातून काही देता येत नाही. सकाळी ये, उजाडता उजाडता ये, काढून ठेवते."

ती वळून अंगणाकडं बघत म्हणाली, "अजून उजेड हाय की, बाई."

होता. समोरच्या भिंतीवर वरच्या बाजूला पिवळं ऊन होतं, ते मलाही दिसत होतं. पण दिवा लागलेला होता, आणि मी दिव्याकडं बोट केलं. तिनं पुन्हा विनवलं नाही. आमच्या खात्यातल्या बायकांना मी एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायची सवय नव्हती, आणि ती सवय मीच लावली होती. "बरं, सकाळी येती," असं म्हणून ती गेली. माझी मुलगी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. मी तिला म्हणाले, "जा आता नवरी बघायला." मी भाकरी उलटली. ती करपली नव्हती.

गेली कित्येक वर्षं मी त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहते. बिल्ला देता येत नव्हता, ठीक आहे, नेम तो नेम. पण मी स्वतः उठून तिच्याबरोबर जाऊ शकले असते. कंपाउंडर मला चांगला ओळखत होता. नायकीणबाई म्हणून उठून उभा राहायचा. मी दारात जाऊन म्हटलं असतं, ही माझ्या खात्यातली, घे हिला आत, तर त्यानं बिल्ल्याचं नावही काढलं नसतं. दिवेलागणीनंतर लक्ष्मीनं बाहेर जायचं नव्हतं. मी काही लक्ष्मी नव्हते. मला उंबरा ओलांडायला कुणाची बंदी होती? पण तव्यावर भाकरी होती, दिवसभर उभं राहून पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर पोरांना डबा होतो आणि बराही होतो, असं वाटलं.

सकाळी उजाडायच्या आधी मी तिचा बिल्ला सुतळीतून काढून कमरेला खोचला आणि दारात वाट बघत बसले. ती आली नाही. पहिला भोंगा झाला तरी आली नाही. मला राग आला. रात्री पोराला उतार पडला असेल, मग कशाला येते आता! गरज सरो, वैद्य मरो, असं मी मोठ्यानं म्हणाले. माझ्या मुलीनं ते ऐकलं.

खात्यात गेल्यावर कळलं. पोर पहाटेच्या आधी गेलं होतं.

तिच्या चाळीतल्या दोघी आमच्याच खात्यात होत्या. त्यांनी सांगितलं की माझ्याकडून गेल्यावर ती त्यांच्याकडं बिल्ला मागायला आली होती. एकीचं पोर साधारण तेवढंच होतं, तिचं म्हणून दाखवलं असतं. पण त्या दोघींचे बिल्लेही माझ्याच खिळ्यावर होते. सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. यात रागावण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या मनातही नव्हतं. सरकारी दवाखाना होता, पण तो लांब, आणि बाहेर वारं सुटलेलं. म्हातारी म्हणाली, बाईनं सकाळी बोलावलंय ना, मग सकाळी जाऊ. ओव्याचा शेक देत दोघी सकाळची वाट बघत बसल्या.

मी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि तिच्या खोलीवर गेले. तोवर पोराला पुरून आले होते. ती भिंतीला टेकून बसली होती आणि म्हातारी चूल सारवत होती. मी कनवटीचे दोन रुपये काढले आणि म्हातारीपुढं धरले.

म्हातारीनं हात पुसला, रुपये बघितले आणि विचारलं, "ह्येचं याज किती, बाई?"

तिनं टोमणा मारला नव्हता. मी पैसे देते म्हणजे व्याज आलंच, म्हणून तिनं आपलं विचारून घेतलं. मी म्हणाले, "नाही हो आजी, हे व्याजाचे नाहीत." त्यावर ती म्हणाली, "मग नगं. फुकटचं कसं घ्यावं?" रुपये माझ्या हातातच राहिले. निघताना मी बिल्ला पोरीजवळ उंबऱ्यावर ठेवला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

आठ दिवसांनी ती कामावर आली. पुढं पगाराचा दिवस आला. मी नेहमीसारखी खिडकीशेजारी उभी राहिले, सुतळीतले बिल्ले काढून वाटत होते. तिचा तिच्याकडंच होता. तिनं आपला पगार घेतला आणि सरळ निघून गेली असती तर मी हाक मारली नसती, हे देवाशपथ सांगते. मी मनाशी ठरवलंच होतं की हिचे पाच सोडून द्यायचे. पण ती गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. एक एक करून दहा आणे तिनं माझ्या तळहातावर मोजले. मागं पंधरा-वीस बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष आमच्याकडं होतं. राहू दे, हे दोन शब्द माझ्या तोंडात होते. हिला सोडलं तर उद्या ह्या सगळ्या सोडा म्हणतील, हाही विचार त्याच वेळी आला. मी मूठ मिटली.

मग तिनं चोळीतून बिल्ला काढला आणि त्या मिटलेल्या मुठीवर ठेवला.

मी म्हणाले, "असू दे गं तुझ्याकडं. मी मागितला का?"

"ठिवा की तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "आता दवाखान्यात कुणाला न्यायचंय मला?"

तिच्या आवाजात काही नव्हतं. रडू नव्हतं, शाप नव्हता. शाप दिला असता तर बरं झालं असतं. शापाला उतारा असतो, देवऋषी असतो, नवस असतो. मी घरी आले तेव्हा दिवा लागलेला होता. बिल्ला आणि दहा आणे मी आत घेतले. आलेलं घ्यायला आमच्या नेमात आडकाठी नव्हती.

महिना भरायच्या आत ती गेली. नवरा मेंढरं घेऊन परत फिरला होता म्हणे, की आणखी काही होतं, मला कळलं नाही. मला न सांगता गेली एवढं खरं. तिच्या कामाचे पंचवीस-तीस दिवस गिरणीत राहिले. अशा वेळी देणारे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. तारणाचा बिल्ला खिडकीवर टाकायचा, कारकुनाला चार आणे चारायचे आणि दुसऱ्याचा पगार उचलायचा. पुढच्या पगाराला मी तो बिल्ला घेऊन रांगेत उभी राहिले. हेही लपवत नाही. माझे पाच रुपये त्यात सहज निघाले असते. माझ्यापुढं दोनच माणसं उरली होती, तेव्हा बिल्ला हातात गार लागला, आणि मी रांगेतून बाहेर पडले. बायका म्हणाल्या, नायकीणबाईनं सोडले. मी सोडले नव्हते. माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी बिल्ले तारण ठेवायचं बंद केलं. व्याज बंद केलं नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं, आणखी दोन वर्षं मी रुपयाला दोन आणे घेतच होते. त्याहून मोठी सुधारणा माझ्याच्यानं झाली नाही. लग्न थाटात झालं. पंगतीला जिलबी होती. ती मला गोड लागली, हेही सांगायला हवं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाची गोष्ट. बाळ दीड महिन्याचं होतं. एक दिवस तिन्हीसांजेला ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. दिवा लावायची वेळ झाली तरी उठली नाही. अंधार पडला तरी उठली नाही. मी विचारलं, "लावतेस ना?" ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मी दिवा लवकर लावला होता. नवरी बघायला जायचं होतं म्हणून. नाहीतर तू दिला असतास."

इतकी वर्षं हे तिनं पोटात ठेवलं होतं. सासरीही ती काळोख झाल्याशिवाय दिवा लावत नसे आणि त्यावरून बोलणी खायची, हे मला नंतर कळलं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "नाही गं. तू वेळेवरच लावला होतास." आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले, पण बहुतेक पैशासाठी. एवढं एक खोटं तिच्यासाठी बोलले. तिनं त्यावर विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

खिळा अजून आहे आणि त्याला तो एकच बिल्ला आहे. आकडा झिजून पुसट झाला आहे, पण मला पाठ आहे. पितळ काळं पडतं म्हणून मी तो चिंचेनं घासते. आता मला गिरणीचा भोंगा लागत नाही, उजाडायच्या आधी आपोआप जाग येते. उठले की पहिलं काम म्हणजे बिल्ला खाली काढायचा, दार उघडायचं आणि तो उंबऱ्यावर ठेवायचा. नातवंडं विचारतात, आजी, हे काय? मी सांगते, एका बाईचा आहे, तिला मी सकाळी यायला सांगितलं आहे. मग मी तिथंच बसते, गहू निवडते, पाल्याची भाजी मोडते. संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर चढत वर जातं, ते पार वर जाईपर्यंत मी बिल्ला हलवत नाही. दिवा लावायच्या आधी तेवढा आत घेते.